ऐकण्याआधी पाहिलेला आवाज

रॉक संगीत माझ्या कानांपर्यंत पोचलं, त्याच्या चार-पाच वर्षं आधी ते डोळ्यांपर्यंत पोचलं होतं. दादानं कुठून कुठून जमवलेल्या जुन्या मासिकांचा एक गठ्ठा घरात होता. त्यात अमेरिकेचं रोलिंग स्टोन होतं, एनएमई या ब्रिटिश संगीतसाप्ताहिकाचे पिवळे पडलेले अंक होते, ब्रिटनचंच केरँग होतं, काही नुसती फाटकी पानं होती. ज्या बँडांबद्दल त्यात लिहिलेलं असायचं त्यांची गाणी ऐकायची सोय मात्र नव्हती. म्हणून मी पान बघून आवाज ठरवायची. जाड, काळी, एकमेकांना खेटून उभी असलेली अक्षरं म्हणजे ढोल-ढमाका. पानभर मोकळी जागा आणि कोपऱ्यात बारीक मथळा म्हणजे हळू, घोगरा, एकट्या माणसाचा आवाज. असे पंधरा-वीस बँड माझ्या डोक्यात वाजत असायचे, आणि एकही नोट खरी नव्हती.

पुढे एकेक करून ते सगळे ऐकले. काही पानांनी दिलेला शब्द पाळला होता, काहींनी साफ फसवलं होतं. आज पानं लावणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, आणि तरी त्या गठ्ठ्यातला प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. कागद मुका असतो. मग तो आवाजाबद्दल काय सांगतो, आणि कशाच्या जोरावर?

कामाच्या सुरुवातीलाच एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं मला एक युक्ती शिकवली होती. पान तपासायचं असेल तर ते उलटं धरायचं, वरची बाजू खाली. शब्द कळायचे थांबले की पान दिसायला लागतं. कुठे वजन पडलंय, कुठे भोक पडलंय, नजर कुठून शिरते आणि कुठून निसटते, हे सगळं उघडं पडतं. मी तो गठ्ठा पुन्हा काढला आणि अंकामागून अंक उलटे धरून पाहत बसले.

पहिला धक्का रोलिंग स्टोननंच दिला. ९ नोव्हेंबर १९६७ तारखेचा त्याचा पहिला अंक उलटा धरला तर ते एखादं जुनं, खानदानी वर्तमानपत्र वाटतं. सरळ स्तंभ, टाइम्स घराण्यातली अक्षरं, मजकुराभोवती शिस्तीत आखलेल्या रेघा. मुखपृष्ठावर जॉन लेनन आहे, पण एका चित्रपटातल्या सैनिकाच्या वेशात, डोक्यावर शिरस्त्राण घातलेला. हा अंक निघाला सॅन फ्रान्सिस्कोत, ब्रॅनन स्ट्रीटवरच्या एका छापखान्याच्या माळ्यावरून. त्या वेळी त्या शहराच्या भिंतींवर काय चाललं होतं ते लक्षात घेतलं, तर ही शिस्त चकित करते.

चित्रकार वेस विल्सन त्या सुमारास फिलमोर सभागृहातल्या संगीताच्या कार्यक्रमांसाठी पोस्टरं करत होता. व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून त्यानं स्वतःची अक्षरं घडवली. ती फुगायची, वितळायची, मिळेल त्या आकारात मावून बसायची, आणि अक्षर कुठलं व त्यामागची जमीन कुठली हे कळेनासं व्हायचं. आपली नजर शिरोरेषेवर वाढलेली. अक्षरं एका दांडीला टांगलेली असतात, त्यामुळे ती कितीही नाचली तरी ओळ सुटत नाही. विल्सनच्या अक्षरांना ना दांडी, ना पाया. ती पोस्टरं वाचायला मला नेहमी जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ लागावा हाच त्यांचा हेतू होता. त्याच शहरातल्या हेट-ॲशबरी वस्तीतून ‘ओरॅकल’ नावाचं वर्तमानपत्र निघायचं. त्याचे छपाईवाले यंत्राच्या एकाच शाईच्या हौदात दोन-तीन रंग शेजारी शेजारी ओतायचे. रोलर फिरायला लागले की रंग सीमेवर एकमेकांत मिसळायचे आणि पानावर इंद्रधनुष्य उतरायचं. प्रत्येक प्रत थोडी निराळी. मजकूर त्या रंगांत बुडून जायचा, आणि कोणाची तक्रार नसायची.

या सगळ्याच्या मधोमध यान वेनर आणि राल्फ ग्लीसन यांनी वर्तमानपत्री सुटाबुटातलं रोलिंग स्टोन काढलं. वेनर आधी ‘संडे रॅम्पार्ट्‌स’ नावाच्या पत्रात काम करायचा. ते बंद पडलं आणि त्याची पानांची ठेवण जवळजवळ तशीच इकडे आली. म्हणजे काटकसर होतीच. पण मी जितक्या वेळा तो अंक पाहते तितकं मला वाटतं की एवढं धीट पान त्या वर्षी दुसऱ्या कोणी लावलं नाही. कारण ते पान म्हणत होतं की ही पोरांची करमणूक नाही. युद्धाच्या आणि निवडणुकीच्या बातमीला जी अक्षरं मिळतात तीच या संगीताला मिळायला हवीत. एकट्या नावपट्टीत तेवढा शहराचा वारा होता. ती अक्षरं पोस्टरवाल्या रिक ग्रिफिनची. त्यानं कच्चं रेखाटन केलं होतं, अजून हात फिरवायचा होता, पण वेनरनं ते तसंच उचललं. शेपट्या काढलेली, वळणदार, तुडुंब अक्षरं वर, आणि खाली काटेकोर स्तंभ. पागोटं उत्सवाचं, अंगरखा कचेरीतला.

पंधराव्या वर्षी मी या पानांवरून ठरवलं होतं की यातलं संगीत मोठ्या माणसांचं, संथ, जबाबदार असणार. प्रत्यक्षात ऐकलं तेव्हा ते तसं अजिबात नव्हतं. पान फसवत होतं असं तेव्हा वाटलं. आता वाटतं की ते पान आवाज काढतच नव्हतं. ते आवाजाची वकिली करत होतं.

ती वकिली पुढे तीस-पस्तीस वर्षं चालली, आणि तिचा पेहराव बदलत गेला. १९७७ च्या सुमारास, मासिक न्यूयॉर्कला हललं तेव्हा, रॉजर ब्लॅककडे कला-दिग्दर्शन होतं. त्यानं जिम पार्किन्सनकडून या मासिकासाठी खास अक्षरवळण काढून घेतलं. ग्रिफिनची नावपट्टीही पार्किन्सननंच १९८१ मध्ये नव्यानं रेखाटली. पानाभोवती जाड-बारीक जोडरेघांची चौकट ही तर त्या मासिकाची खूणच झाली. खिळे जुळवून छपाई होत असतानाच्या काळातली ती चौकट. तिच्यात जे ठेवाल त्याला आपोआप वय येतं, वजन येतं.

मग १९८७ पासून २००१ पर्यंत फ्रेड वुडवर्ड. त्याच्यावर मी लिहायला लागले तर थांबणार नाही, म्हणून एकच गोष्ट सांगते. त्याच्या अंकात मुख्य लेख उघडला की एका बाजूला पानभर छायाचित्र आणि समोर पानभर अक्षरं. फक्त अक्षरं. लाकडी खिळ्यांच्या जमान्यातली अवाढव्य वळणं, कधी एकच अक्षर उंबरठ्यापासून माळ्यापर्यंत. लेखाचं शीर्षक हे समोरच्या माणसाच्या चेहऱ्याचं दुसरं चित्र असायचं. त्या जोडपानांवरून मी जे आवाज कल्पिले होते ते खऱ्या आवाजांच्या सगळ्यांत जवळचे निघाले. हे कसं झालं याचं माझ्याकडे एकच उत्तर आहे: समोरच्या चेहऱ्याशी पटेल असं अक्षर शोधेपर्यंत वुडवर्डचा कलाविभाग थांबायचा. अक्षरं निवडताना माझ्याकडे वेळ कमी असतो, पण चेहरा समोर ठेवायची सवय मी तिथूनच उचलली.

आणि एकदा या मासिकानं अक्षरं जवळजवळ पुसूनच टाकली. २२ जानेवारी १९८१ चं मुखपृष्ठ. ॲनी लिबोविट्झनं ८ डिसेंबर १९८० ला, लेननच्या हत्येच्याच दिवशी, टिपलेलं छायाचित्र: नग्न लेनन, पूर्ण कपड्यांतल्या पत्नी योको ओनोला बिलगून गर्भासारखा मुडपलेला. वर नावपट्टी आणि बाकी एकही मथळा नाही. मुखपृष्ठावर मथळे का असतात हे रोज पानं लावणाऱ्याला विचारा. मथळा म्हणजे हाक. ती हाक मारायचीच नाही असं ठरवायला संपादकाचा हात किती घट्ट लागत असेल. ते पान मी उलटं धरलं नाही. धरावंसं वाटलं नाही.

आता गठ्ठ्यातली ती फाटकी पानं. त्यांत ‘स्निफिन ग्लू’ या लंडनच्या हौशी पत्रिकेची झेरॉक्सची झेरॉक्स होती. मार्क पेरीनं १९७६ च्या जुलैत ती सुरू केली, साधनं म्हणजे लहान मुलांचं टंकयंत्र आणि जाड टोकाचं पेन. चुकलेला शब्द खोडायचा आणि पुढे जायचं. खोडलेलं तसंच छापलं जायचं. छायाचित्रांतले करडे रंग झेरॉक्समध्ये मरून गेलेले, नुसतं काळं आणि पांढरं उरलेलं. पहिला अंक जेमतेम पन्नास प्रतींचा. वर्षभरात मागणी हजारांत गेली, तेव्हा १९७७ मध्ये पेरीनं ती स्वतःच बंद केली. ‘ही एक कॉर्ड, ही दुसरी, ही तिसरी, आता बँड काढा’ असं गिटारचे तीन स्वरमेळ दाखवून सांगणारं प्रसिद्ध रेखाटन पुष्कळ जण याच पत्रिकेच्या नावावर खपवतात. ते ‘साइडबर्न्स’ नावाच्या दुसऱ्या पत्रिकेतलं. पण चूक होते ती उगीच नाही. ‘स्निफिन ग्लू’चं प्रत्येक पान तेच सांगत असतं, फक्त कॉर्डच्या ऐवजी कागदाबद्दल: हे टंकलेखन, ही कात्री, हा डिंक, काढा मासिक.

१९७६ च्याच जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये जॉन होमस्ट्रॉमनं ‘पंक’ सुरू केलं होतं. तिथे अक्षरजुळणीच नव्हती म्हणा ना. मुलाखतीच्या मुलाखती हातानं लिहिलेल्या, पहिल्याच मुखपृष्ठावर गायक लू रीडचं व्यंगचित्र. होमस्ट्रॉम चित्रकथांच्या शाळेत तयार झालेला माणूस, त्यामुळे त्याचं ओबडधोबडपण हे कसलेल्या हाताचं. पेरीचं तसं नाही. दोन्ही अंक उलटे धरले की फरक लगेच कळतो. ‘पंक’ तोललेलं राहतं, ‘स्निफिन ग्लू’ कलंडतं.

मला कलंडणारं पान जास्त आवडतं, आणि या आवडीनं मला एकदा चांगलंच पाडलं. पहिल्या नोकरीत एका लेखासाठी मी संगणकावर मुद्दाम विस्कटलेलं पान लावलं. टंकयंत्रासारखी अक्षरं, खोडल्याच्या रेघा, झेरॉक्सचे डाग, सगळं माऊसनं काढलेलं. युक्ती शिकवणाऱ्या त्याच सहकाऱ्यानं पान पाहिलं आणि विचारलं, “हे कोणासाठी विस्कटलंस?” मला उत्तर देता आलं नाही. पेरीनं खोडलं कारण त्याला घाई होती. त्यानं आदल्या रात्री काहीतरी ऐकलं होतं आणि ते सकाळपर्यंत दुसऱ्याला सांगायचं होतं. माझ्या खोडण्यात कसलीच घाई नव्हती. मी एक डाग तर वीस मिनिटं जागच्या जागी सरकवत बसले होते. ते पान मी रात्री पुन्हा लावलं, साध्या तीन स्तंभांत.

छायाचित्रांचं वेगळंच. ब्रिटिश संगीतसाप्ताहिकं स्वस्त वृत्तपत्री कागदावर निघायची, शाई बोटांना लागायची. असा कागद शाई पितो, छायाचित्राचे ठिपके पसरतात, सावलीतले बारकावे बुजतात. त्यामुळे या साप्ताहिकांत टिकायचं तर चित्रातला आकार लांबूनही ओळखू यायला हवा. एनएमईची पेनी स्मिथ ही या कामातली माझी सर्वांत आवडती छायाचित्रकार. सप्टेंबर १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये द क्लॅश या ब्रिटिश बँडचा पॉल सिमोनन आपली बेस गिटार जमिनीवर आपटत होता, तो क्षण तिनं टिपला. चित्र धूसर आलं. ते वापरू नये असं खुद्द तिचं मत होतं. बँडचा गायक जो स्ट्रमर आणि रे लोरी यांनी मात्र तेच हवं म्हणून हट्ट धरला. हा लोरी एनएमईतच व्यंगचित्रं काढायचा. बँडच्या त्या वर्षीच्या अल्बमवर ते छापलं गेलं, लोरीनं एल्विस प्रेस्लीच्या पहिल्या अल्बमसारखी गुलाबी-हिरवी अक्षरं बाजूनं व खालून लावली. त्या चित्रात चेहरा दिसत नाही, गिटार धड दिसत नाही. दिसते ती वाकलेली पाठ आणि फाकलेले पाय. बारीक ठिपक्यांच्या गुळगुळीत कागदावर चित्रं छापणाऱ्याला ती धूसरता दोष वाटली असती. साप्ताहिकाच्या खरबरीत कागदावर वाढलेल्या नजरेला तिच्यात हालचाल दिसली.

छायाचित्रं पाहताना मला हात मोजायची सवय लागली आहे. कोणाच्या हातात काय आहे ते पाहायचं. पुरुषांच्या हातांत गिटार, काठ्या, मायक्रोफोनची दांडी, निदान सिगारेट. बायकांचे हात रिकामे. १९९७ मध्ये रोलिंग स्टोननं रॉकमधल्या स्त्रियांवर विशेषांक काढला. मुखपृष्ठावर टीना टर्नर, मडोना आणि कोर्टनी लव्ह. कोर्टनी लव्ह गिटार वाजवते, आणि गिटार कुठेही नाही. तिघी हसताहेत, सुंदर दिसताहेत, पण त्यांचं काम काय हे ते पान सांगत नाही. वुडवर्डच्या काळातला अंक आहे, माझ्या लाडक्या अंकांपैकी, तरी मला तो माफ करता येत नाही. उलटं धरून पाहिलं तरी हात रिकामेच दिसतात.

केरँगबद्दल थोडक्यात. जून १९८१ मध्ये ‘साउंड्‌स’ साप्ताहिकाची पुरवणी म्हणून ते आलं, मुखपृष्ठावर एसी/डीसी बँडचा गिटारवादक अँगस यंग. नाव म्हणजे गिटारच्या तारांवर हात आपटल्याचा आवाज, आणि नावाच्या अक्षरांना काचेसारखे तडे. पानावरचा आवाज इतका सरळ मी दुसरीकडे पाहिला नाही. आतमध्ये बँडांची बोधचिन्हं: काटे, विजा, गरज नसताना स्वरांवर दिलेले दोन ठिपके. त्यांतलं एसी/डीसीचं चिन्ह जेरार्ड ह्युएर्टानं गुटेनबर्गच्या बायबलाच्या अक्षरांवरून बेतलेलं. युरोपात सुट्या खिळ्यांनी छापलेल्या त्या पहिल्यावहिल्या मोठ्या ग्रंथाची अक्षरं शाळकरी मुलांच्या दप्तरांवर पेनानं गिरवली गेली याचा मला मनापासून आनंद आहे. लहानपणी या पानांची मला भीती वाटायची; गाणी ऐकली तर ती बरीचशी आनंदी निघाली.

१९८६ मध्ये क्यू हे ब्रिटिश संगीत मासिक आलं, लाल चौकोनात एक पांढरं अक्षर, गुळगुळीत कागद, परीक्षणांना तारे. तारे आले की नजर आधी ताऱ्यांवर जाते आणि वाक्य नंतर वाचलं जातं. माझ्या हातून त्या अंकांबद्दल याहून जास्त लिहून होत नाही.

रे गन हे संगीत मासिक मात्र त्या गठ्ठ्यात नव्हतं. ते मी कामाला लागल्यावर पाहिलं. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात ते निघालं, आणि पहिली तीन वर्षं, तीस अंक, डेव्हिड कार्सन त्याची पानं लावत होता. कार्सन समाजशास्त्र शिकलेला, शिक्षक, आणि लाटांवर फळी घेऊन उतरणारा पट्टीचा सर्फर. रिक ग्रिफिनही तरुणपणी ‘सर्फर’ मासिकासाठी चित्रं काढायचा, आणि कार्सननंही रे गनच्या आधी काही काळ त्याच मासिकाची पानं लावली. रोलिंग स्टोनची नावपट्टी आणि रे गनचा सारा धुमाकूळ एकाच पाण्यातून वर आले आहेत हे लक्षात आल्यावर मला फार बरं वाटलं होतं. लाटेला स्तंभ नसतात.

कार्सनच्या पानात ओळी एकमेकींवर चढायच्या, स्तंभ पानाच्या कडेबाहेर कापले जायचे, मथळा मध्येच तुटायचा. हे सगळं ब्रोमाइड, म्हणजे मजकूर उमटवलेला छायाचित्राचा कागद, कापून, मेण लावून चिकटवायच्या काळात करायचं तर रात्री गेल्या असत्या. १९८७ पासून क्वार्कएक्सप्रेस हे पानं लावायचं सॉफ्टवेअर मिळायला लागलं होतं आणि पान पडद्यावर हलवता येत होतं, हे त्या धुमाकुळामागचं साधं कारण. पण साधन सगळ्यांकडे होतं. तसं पान एकट्याचं आलं. वाचता येणं आणि पोचणं या दोन गोष्टी त्यानं वेगळ्या धरल्या. कर्णकर्कश आवाज ऐकताना शब्द कळत नाहीत, तरी माणूस सभागृह सोडून जात नाही. मग पानावर शब्द कळलाच पाहिजे असा हट्ट का?

१९९४ मध्ये गायक ब्रायन फेरीची मुलाखत त्याच्या टेबलावर आली. ती त्याला कंटाळवाणी वाटली. त्यानं ती आख्खीच्या आख्खी झाफ डिंगबॅट्‌समध्ये लावून टाकली. हेरमान झाफच्या खुणांचा हा संच १९७८ सालचा. त्यात अक्षरं नाहीत. फुलं, चांदण्या, चौकोन, बाण, कात्र्या आहेत. वाचनीय मजकूर अंकाच्या शेवटी दिला होता. हा प्रकार ऐकला तेव्हा मला राग आला. मुलाखत घेणाऱ्याचं काय? त्याची मेहनत एका सहकाऱ्याच्या कंटाळ्यापायी चिन्हांच्या ढिगात गेली. तो राग अजून पुरता गेलेला नाही. पान लावणारा हा पहिला वाचक असतो हे खरं, पण म्हणून शेवटचा वाचकही तोच असं होत नाही.

मग एका रविवारी त्या जोडपानाची प्रत समोर ठेवून बसले. उलटं धरायची गरजच नव्हती. ते पान दोन्हीकडून सारखंच मुकं. पण झाफच्या संचात टंकफलकाच्या एकेका कळीला एकेक खूण असते. प्रत्येक खुणेमागे एक अक्षर ठरलेलं आहे, आणि तक्ता शेजारी घेतला तर उलगडता येतं. इंग्रजीत सर्वांत जास्त येणारं ‘ई’ म्हणजे हिमकण. ‘एन’ म्हणजे काळा चौकोन, ‘एल’ म्हणजे काळा गोळा. ‘एस’ आणि ‘टी’ म्हणजे दोन काळे त्रिकोण, पहिला टोक वर, दुसरा टोक खाली. हे माहीत झाल्यावर पानभर बर्फ पडताना दिसायला लागला, आणि त्यात ठिकठिकाणी काळे दगड. स्वल्पविरामाच्या जागी दोन बोटं उंचावलेला हात. मी एकेक खूण बोटानं धरून पुढे सरकत होते, शाळेत पहिल्यांदा बाराखडी वाचताना सरकत होते तशी. एका शब्दाला अर्धं मिनिट. ओळ पुरी व्हायला चहा गार झाला.

त्या संचात पूर्णविरामाची खूण म्हणजे एक छोटी पेन्सिल. पहिली पेन्सिल सापडली तेव्हा मी तिच्यावर बोट ठेवून थोडा वेळ तशीच बसले, आणि मग पुढचा हिमकण शोधायला लागले.